स्टीअरिंग थरथरतंय? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलर जेटीला आणि मासळीची पिकअप दारात उभी. ऑगस्टमध्ये क्रेट-बर्फ भरून गाडी बाहेर काढली की तक्रार ठरलेली: पुढून हादरते, स्टीअरिंग हातात थरथरतं. मग कोण सांगतो अलाइनमेंट कर, कोण सांगतो टाय रॉड बदल. पैसे जातात, हादरा तसाच राहतो. म्हणून आज आपण जुन्या पिकअपचा हा दोष क्रमाने शोधायला शिकूया.

पहिला धडा: हादरा कधी येतो ते बघा.

🔹 उभ्या गाडीत, न्यूट्रलवर रेस दिली तरी हादरते: इंजिन किंवा त्याचं माउंटिंग. चाकांवर खर्च नको.
🔹 साधारण ६० च्या पुढे थरथर सुरू होते: बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग.
🔹 २०-३० लाच स्टीअरिंग डावं-उजवं डुलतं: टायर आतून सुटलेला किंवा रिम वाकलेली.
🔹 फक्त ब्रेक दाबल्यावर: पुढची ब्रेक डिस्क.
🔹 खड्डा लागला की पुढची चाकं फडफडतात, वेग कमी केल्याशिवाय थांबत नाहीत: जोडांत प्ले आहे.
🔹 स्टीअरिंग शांत, पण सीट नि फ्लोअर हादरतो: मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस.

अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. नुसती थरथर असेल तर आधी बॅलन्सिंग बघा.

दुसरा धडा: फुकटची तपासणी आधी.

चाकाचे नट घट्ट आहेत का? सगळ्यात आधी हेच. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल किंवा रेती चिकटली असेल तर खरवडून काढा. तेवढ्या वजनानेही चाक थरथरतं. हवा मोजा. टायरवरून तळहात फिरवा, फुगवटा लागला तर तो टायर बाद. दोन महिने एकाच जागी उभी राहिलेली गाडी सुरुवातीला टायर चपटे झाल्याने हादरते. टायर गरम झाल्यावर ते गेलं तर चिंता नाही. साइझ एकच असेल तर पुढची चाकं मागे लावून बघा. हादरा स्टीअरिंगमधून सीटखाली गेला, म्हणजे दोष चाकातच.

तिसरा धडा: जॅकवर तपासणी.

सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, चॅसिसखाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट, आणि जुन्या सरळ ॲक्सलच्या गाडीत किंग पिन. आता डावी-उजवीकडून हलवा. तेव्हाच प्ले लागला तर टाय रॉड एंड किंवा स्टीअरिंग बॉक्स. शेवटी चाक फिरवा. खरखर आवाज म्हणजे बेअरिंग.

आपल्या गाड्यांना हे जास्त का होतं? वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी खाली ठिबकतं. रबरी बूट फाटलेला असला की ते जोडात शिरतं, ग्रीस धुऊन जातं, लोखंड गंजतं. म्हणून मासळी उतरवल्यावर चाकं आणि खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. निप्पल असतील तिथे वेळच्या वेळी ग्रीस भरा, फाटलेला बूट लगेच बदला.

एक गोष्ट मात्र टाळू नका. बॅलन्सिंगची थरथर दोन दिवस चालेल, पण नट ढिले, टायरला फुगवटा, बेअरिंग खरखरतं किंवा बॉल जॉइंटला प्ले, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी भरलेली गाडी चोर्ला घाटाने बेळगावला पाठवू नका. भाड्याची गाडी बघा. मासळीचं नुकसान भरून काढता येतं, ड्रायव्हरचं नाही.

चाक काढून परत बसवलं की नट समोरासमोरचे आवळा, आणि ५०-१०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा.

मेस्त्रीकडे जाताना "गाडी हादरते" एवढंच सांगू नका. किती वेगाला, ब्रेकवर की खड्ड्यावर, हातात की सीटखाली, हे कागदावर लिहून न्या. निम्मं काम तिथेच होतं. ही पोस्ट आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवा. 🙏