आसाफाचा पाय कशानें सांवरला?
(शास्त्रपाठ : स्तोत्र ७३)

दुर्जनांची भरभराट पाहून सज्जनांचें मन डळमळतें, ही गोष्ट नवी नाहीं. आसाफ हा कांहीं विश्वासांत नवखा नव्हता. तो लेवी वंशांतला गायक असून, कराराच्या कोशापुढें झांजा वाजविण्यास दावीद राजाच्या वेळीं त्याची नेमणूक झाली होती. त्याच्या नांवाचीं १२ स्तोत्रें शास्त्रांत आहेत. तरी या स्तोत्रांत तो उघड सांगतो कीं, गर्विष्ठांचा हेवा वाटून आपला पाय घसरण्याच्या बेतांत होता. त्यांचीं शरीरें धष्टपुष्ट, भाषा उर्मट आणि धन वाढतें. आपण मन शुद्ध राखिलें, तरी रोज सकाळीं शासनच वांट्यास!

आमच्या खेड्यांतही असेंच घडतें. खोटी साक्ष देऊन जो शेजाऱ्याचा बांध सरकवितो, त्याच्या घरीं कणग्या भरतात. खरें बोलणाऱ्याचें शेत जातें. मग "प्रार्थना करून काय मिळालें?" असें तो म्हणाला, तर मंडळीनें त्याचा धिक्कार करूं नये. आसाफाचें हेंच गाऱ्हाणें देवानें आपल्या शास्त्रांत राहूं दिलें आहे.

मात्र तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, ओवी १५ : मन कडू असतां तें चारचौघांत ओकलें, तर देवाच्या लेकरांचा घात होईल, हें ओळखून त्यानें जीभ आवरिली. दुसरी, ओवी १७ : तो पवित्रस्थानांत गेला, तेव्हां त्यास दुर्जनांचा शेवट उमगला. बाहेर कांहीं पालटलें नव्हतें. दुर्जन अजून श्रीमंतच होता. परंतु निसरड्या जागीं खरोखर कोण उभा आहे, हें आतां दिसलें. तिसरी, ओवी २३ : आपण पशूसारखे अज्ञान असतांही देवानें आपला उजवा हात धरिला होता, असें तो म्हणतो. त्याचा पाय सांवरला तो यामुळें. त्यानें देवास घट्ट धरिलें म्हणून नव्हे.

गेलेलें परत मिळालें, असें या स्तोत्रांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. देवाजवळ असणें यांतच आपलें कल्याण, असें म्हणून तें संपतें. यास्तव, प्रिय वाचकहो, न्यायासाठीं जें सरळ मार्गानें करितां येईल तें अवश्य करा. आणि ज्याचें शेत गेलें, त्या बंधूस उपासनेंत एकटें बसूं देऊं नका. देवानें धरिलेला हात पुष्कळदां आपल्याच हातानें त्यास जाणवतो.