चार महिने झाले, अजून पहिलाच फॉर्म?



गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याची आई शाळेत भेटायला आली. अभ्यासाची तक्रार नव्हती. "सर, मुलाला विंग चुनच्या क्लासला घातलंय. चार महिने झाले, अजून पहिलाच फॉर्म चाललाय. शेजारच्या मुलाला कराटेत दुसरा बेल्टसुद्धा मिळाला. क्लास बदलू का?" मी स्वतः काही वर्षं विंग चुन शिकलोय, हे त्यांना माहीत होतं. व्हरांड्यात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर मला अपुरं वाटलं, म्हणून हा लेख.

विंग चुन ही दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातली कुंग फू शैली. तिथल्या फोशान शहरात 1893 साली जन्मलेले इप मान पुढे हाँगकाँगला गेले आणि 1950 पासून तिथे ही विद्या शिकवू लागले. ब्रूस ली त्यांच्याकडेच शिकला. फॉर्म म्हणजे एकट्याने, ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. कराटेत तिला काता म्हणतात. विंग चुनमध्ये रिकाम्या हाताने करायचे फॉर्म तीनच : सिउ निम ताउ, चुम किउ आणि बिउ जी. तीनच असल्यामुळे प्रत्येकावर मुक्काम लांबणारच.

पहिला सिउ निम ताउ, म्हणजे 'छोटी कल्पना'. यात पाऊल जागचं हलत नाही. पावलं किंचित आत वळलेली, गुडघे थोडे वाकलेले. या उभं राहण्याच्या चिनी नावातच मेंढरू पायांत धरून ठेवल्याचं चित्र आहे. (मेंढरू धरलंय म्हणून गुडघे आवळून बसू नका. मुलाचे गुडघे दुखत असतील तर लगेच थांबवा आणि शिक्षकांना सांगा.) पाय असे बांधून टाकले की लक्ष द्यायला उरतात फक्त हात.

पहिला भाग अगदी सावकाश करायचा. तळहात वर करून हात छातीच्या मध्यरेषेवरून पुढे सरकवायचा, याला तान साउ म्हणतात. मग मनगट फिरवून, बोटं वर ठेवून तोच हात मागे आणायचा, हा वू साउ. पुन्हा मनगट वाकवून पुढे, हा फुक साउ. पुढे-मागे असं तीनदा. आधी डावा हात, मग उजवा. बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. खरं काम कोपरात चालू असतं. हात पुढे जाताना कोपर बाहेर फाकायला बघतं, ते आत ठेवायचं, आणि तेही खांदा न उचलता. जोरात केलं की ही चूक वेगात लपून जाते. सावकाश केलं की लपायला जागा राहत नाही.

मी काय केलं होतं ते सांगतो. व्हिडिओ बघून आठवड्याभरात सगळा क्रम पाठ केला आणि क्लासमध्ये ऐटीत करून दाखवला. आमच्या सरांनी मला तान साउमध्ये थांबवलं आणि माझ्या हातावर आपला हात ठेवून हलकेच पुढे दाबलं. कोपर बाहेर घसरलं, मी मागे झुकलो. "क्रम आला. हात यायचाय," एवढंच म्हणाले. पाढे घडाघडा म्हणणारं पोर सातच्या पाढ्यात मध्येच विचारलं की अडखळतं, तशी माझी गत झाली.

पुढचे दोन फॉर्म थोडक्यात सांगतो. चुम किउ म्हणजे 'पूल शोधणे'. पूल म्हणजे आपल्या आणि समोरच्याच्या हातांचा संपर्क. इथे कंबरेतून वळणं, पाऊल टाकणं आणि लाथा येतात. सिउ निम ताउमधलं कोपर जागेवर नसेल तर वळताना सगळंच विस्कटतं. बिउ जी, म्हणजे 'भोसकणारी बोटं', यात कोपराचे प्रहार आहेत, आणि मध्यरेषा हातची गेली तर ती परत कशी मिळवायची हेही आहे. पूर्वी हा फॉर्म घराबाहेरच्यांना दाखवत नसत. फॉर्मच्या जोडीला ची साउ, म्हणजे दोघांनी हाताला हात चिकटवून करायचा सराव, असतो. एकट्याने बसवलेलं कोपर दुसऱ्याच्या दाबाखाली टिकतं का, ते तिथे कळतं.

मग क्लास बदलायचा का? चार महिन्यांत शिक्षकांनी मुलाच्या कोपराला, खांद्याला हात लावून एकदाही दुरुस्त केलं नसेल, नुसतं रांगेत उभं करून आकडे मोजून घेतले असतील, तर जरूर बदला. पण दुरुस्ती चालू असेल तर 'पुढचा फॉर्म कधी?' हे मुलासमोर विचारू नका. ते उगाच घाई करायला लागतं. आणि पाहुण्यांसमोर 'करून दाखव' तर नकोच. तिथे पोर हमखास वेग वाढवतं.

त्या आईंना मी एक सोपी गोष्ट सांगितली. मुलगा तान साउमध्ये उभा असताना त्याच्या हातावर हात ठेवून हळूच, सरळ त्याच्याकडे दाबा आणि काय हलतं ते बघा. दोन दिवसांनी फोन आला. "कोपर राहतं हो सर, पण खांदा वर जातो. त्याने स्वतःच ओळखलं."

म्हटलं, मग राहू द्या अजून थोडे दिवस पहिल्याच फॉर्मवर.