आधी वाट विचारा, मग फी

गेल्या पावसाळ्यात एक टेम्पोचालक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची पावती. ओबीसी कुटुंब, वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. ‘मुलींना फी माफ आहे म्हणतात, मग आम्हाला भरायला का लावली?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पावती पाहिली आणि पोटात कालवलं. कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत मनासारखं काही लागलं नाही, म्हणून घाबरून त्यांनी गावाजवळच्या कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली होती. थोडे पैसे बहिणीकडून उसने, बाकीचे टेम्पोवर काढलेले. मुलीचे गुण चांगले होते. पुढच्या फेऱ्यांत जागा मिळणं अवघड नव्हतं.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. योजना जात बघते, उत्पन्न बघते, तशीच तुम्ही कोणत्या दारातून आत आलात हेही बघते. हे त्या घराला वेळेवर कुणी सांगितलं नाही. मी वर्षानुवर्षं पालकांशी बोलतो आहे, आणि इतकं महागात पडणारं दुसरं अज्ञान मला माहीत नाही.

म्हणून कॉलेजची फी किती, हा प्रश्न दुसरा. आपल्या घराला त्यातली किती भरावी लागेल, हा पहिला. खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क सरकार देतं, कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम, ही त्याहून मोठी सवलत. प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, शिक्षण शुल्क पूर्ण माफ, जात कोणतीही चालते, उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख. पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी ‘टी’. तो कोड भरलाच नाही, तर ती जागा तुमच्या वाट्याला येणार नाही. कटऑफ बहुधा वरचा असतो, पण हा कोड वर लिहून खाली त्याच कॉलेजचा साधा कोड लिहिला तर काही बिघडत नाही.

पसंतीक्रम मात्र मनापासून लावा. ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलू नका. वर लिहिल्यानं खालची संधी जात नाही. आणि नको असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर चुकूनही टाकू नका. पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद.

माफी मिळाली तरी डेव्हलपमेंट फी उरते, वसतिगृह उरतं, मेस उरते. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तो आकडा बघा आणि शिक्षण शुल्क किती, बाकी किती हे वेगळं लिहून काढा. पावती न देता कुणी पैसे मागितले, तर तो १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

कागदांची धावपळ निकालानंतर सुरू करू नका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर ही कामं उन्हाळ्यातच उरका. जातपडताळणी तर अकरावीतच. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारा, कारण महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरून शिष्यवृत्तीचे पैसे तिथेच येतात. आणि त्या पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो.

कर्जाची लाज बाळगू नका, पण सावकाराआधी बँकेत जा. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत शिकणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिकत असतानाच्या काळात तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते.

हे सगळं बोलणं मुलाला शेजारी बसवून करा. ‘तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू’ हे प्रेमानंच म्हटलं जातं, पण सतरा वर्षांच्या मुलाला घरातली कुजबुज ऐकू येते, आणि तो मनात खऱ्यापेक्षा मोठा आकडा धरून बसतो. कितीतरी मुलांनी याच भीतीनं आवडती शाखा लिहिलीच नाही, हे मी पाहिलं आहे.

यंदा एप्रिलमध्ये ते टेम्पोवाले वडील परत आले. मुलीचं पहिलं वर्ष नीट चाललंय, उसने पैसे अजून फिटायचे आहेत. धाकट्यानं बारावीची परीक्षा दिली होती. पिशवी तीच; आत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जातपडताळणी, तिन्ही ओळीनं लावलेले. मुलगा शेजारीच बसला होता, हातात वही. ‘डेव्हलपमेंट फी कुठे बघायची तेवढं त्याला दाखवा,’ ते म्हणाले, ‘बाकी आम्ही रात्री बसून मांडलंय.’