बाजार एका जागी का जमतो?

गुलमंडीला कापडाची इतकी दुकाने एकमेकांना खेटून कशासाठी, असे नवे व्यापारी बंधू आम्हाला नेहमी विचारतात. लांबच्या वस्तीत जागा घेतली तर भाडे कमी आणि स्पर्धाही नाही, असा त्यांचा हिशेब असतो. आम्हीही एकेकाळी असाच हिशेब करून बाजाराबाहेर दुकान थाटले होते. भाडे वाचले, पण गिऱ्हाईक तुटले. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेले कुटुंब एका दुकानासाठी लांब जात नाही. जिथे दहा दुकाने पाहता येतील तिथेच जाते. दोन वर्षांत नुकसान सोसून आम्ही परत बाजारात आलो.

एका प्रकारचे धंदे एका जागी का जमतात, याची तीन कारणे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आपल्या ग्रंथात मांडली. मालेगावचे यंत्रमाग डोळ्यांपुढे ठेवले की ती सहज समजतात.

पहिले कारण कारागीर. जिथे हजारो माग आहेत तिथे मालकाला हुनर असलेला माणूस मिळतो आणि एका ठिकाणचे काम सुटलेल्या कामगाराला दुसरीकडे रोजी मिळते.

दुसरे कारण जोडधंदे. सूत विकणारे, सायझिंगवाले, माग दुरुस्त करणारे मिस्त्री हे सारे तिथे हाकेच्या अंतरावर असतात. केवळ दहा मागांसाठी यांपैकी कोणीही धंदा मांडणार नाही.

तिसरे कारण माहिती. सुताचा भाव कुठे चालला, कोणत्या कापडाला उठाव आहे, कोणाला उधार देऊ नये, हे चहाच्या टपरीवरच कळते.

आपले छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) याच कारणांनी वाढले. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. मग सुटे भाग बनवणारे लघुउद्योग आले आणि कामासाठी खेड्यापाड्यांतून माणसे आली.

परंतु हे चाक उलटेही फिरते. आपल्या शहराचे हिमरू पाहा. सुताचा ताणा, रेशमाचा बाणा, अशी त्याची कीर्ती. माग कमी झाले तसे रंगारी आणि मागावर नक्षी बांधणारे यांनाही पुरेसे काम राहिले नाही. उरलेल्या विणकराचा खर्च वाढला, आणि गिऱ्हाईक यंत्रावरच्या स्वस्त नकलेकडे वळले. म्हणजे एक माग बंद पडला की शेजारच्या मागावरही त्याचा भार पडतो.

गर्दीचीही किंमत असते: भाडे, वाहनांची कोंडी, माल उतरवायला जागा नाही. म्हणून आमचा सल्ला असा की, गिऱ्हाईक जे पाहून घेते ते बाजारातच ठेवावे. गोदाम आणि शिलाई बाहेर न्यावी. कारागिरांना हलायचेच असेल तर त्यांनी एकेकट्याने न जाता मिळून जावे. रंगाई, यंत्रे, मालाची तपासणी अशा सोयी सामायिक करता येतात. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी केंद्र सरकारची समूह विकास योजना आहे. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

शेजारच्या दुकानाला कुलूप लागले तर खूश होऊ नये. त्याच्याकडे येणारे गिऱ्हाईक आपल्याही दारावरून जात होते.