नो-पार्किंगचं चलन भरण्याआधी

बदलापूरच्या बेलवलीत लोकल गाठायच्या घाईत जागा दिसेल तिथे स्कूटर टेकवणारे कमी नाहीत. दोन दिवसांनी मोबाइल वाजतो: नो-पार्किंग, दंड ५०० रुपये. काहीजण कटकट नको म्हणून लगेच भरून टाकतात, बाकीचे मेसेज पुसून निवांत बसतात. चलन चुकीचं वाटत असेल, तर या दोन्ही वाटा नकोत. दंड भरला की मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे तडजोड झाली आणि प्रकरण मिटलं. ‘आधी भरतो, मग भांडतो’ याला इथे अर्थ उरत नाही.

मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका, चलनाच्या नावाने खोटे मेसेज बरेच फिरतात. महाट्रॅफिक ॲप किंवा राज्य वाहतूक पोलिसांची ई-चलनाची वेबसाइट स्वतः उघडा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाका. चलनाचा फोटो दिसेल. तो मोठा करून सावकाश पाहा. एमएच ०५ पुढचे आकडे तुमचेच आहेत का? ३ चा ८ वाचला गेलेला असू शकतो. रंग, मॉडेल, वेळ, ठिकाण जुळतं का? चलनावर कलम कोणतं लावलंय? फोटोत फलक किंवा जागेची ओळख पटवणारी खूण दिसते का? हे सगळं स्क्रीनशॉट काढून जपून ठेवा.

मग शक्यतो त्याच दिवशी जागेवर जा. गाडीवरून येणाऱ्याला फलक जसा दिसतो, तसा फोटो घ्या. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरमागे फलक गेला असेल, तर तोच तुमचा पुरावा. सम-विषम तारखांचं पार्किंग असेल, तर त्या दिवशीची तारीख आणि रस्त्याची बाजू जुळवून पाहा. मात्र फलक नाही म्हणजे आपण सुटलो, असं धरू नका. रहदारीला अडथळा होईल अशी गाडी लावणं कलम १२२ खाली फलकाशिवायही गुन्हाच आहे. फूटपाथवर किंवा सोसायटीच्या गेटसमोर लावली असेल, तर माझं ऐका, मुकाट्याने भरून टाका. पहिल्या वेळी कलम १७७ प्रमाणे ५०० रुपये, पुन्हा केलंत तर १,५००.

बाजू खरी असेल, तर ॲपवर किंवा वेबसाइटवर तक्रार नोंदवा. पाल्हाळ नको, एवढं पुरे: ‘चलन क्रमांक अमुक, दिनांक अमुक. या ठिकाणी नो-पार्किंगचा फलक दिसत नाही, फोटो जोडले आहेत. कृपया अधिसूचनेची प्रत द्यावी, अन्यथा चलन रद्द करावं.’ तक्रार क्रमांक लिहून ठेवा. हाच अर्ज कागदावर वाहतूक शाखेत देऊन पोचही घ्या. बदलापूर ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात येतं.

अधिसूचनेची मागणी महत्त्वाची. रस्त्याच्या कडेला कुणीही रंगवलेली पाटी म्हणजे नो-पार्किंग नव्हे. वाहतूक पोलीस कलम ११५, ११६, ११७ यांच्या आधारे अधिसूचना काढतात. उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो.

गाडी टो करून नेली असेल, तर ताब्यात घेतानाच चारही बाजूंनी फोटो काढा, दंडाची आणि टोइंगची पावती मागा. तुम्ही आत बसलेले असताना गाडी उचलायला लागले, तर व्हिडिओ काढा. २०१७ साली मालाडमध्ये बाळाला पाजत असलेल्या आईसह मोटार ओढत नेली होती. तो व्हिडिओ पसरला आणि संबंधित हवालदार निलंबित झाला.

प्रलंबित चलनांसाठी लोकअदालतीची नोटीस येऊ शकते. तिथे तडजोड होते, चूक-बरोबर ठरत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही. दंड मान्य असेल तरच जा. कोर्टाचं समन्स आलं, तर मात्र टाळू नका. दिलेल्या तारखेला हजर राहून ‘गुन्हा कबूल नाही’ असं सांगा. त्यानंतर आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारपक्षावर येते. फोटो पुरावा म्हणून आणायचा, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने साधारण सहा महिन्यांत घ्यायची असते. मुदत उलटली असेल, तर तेही मांडा, पण उशीर माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही.

चलन रद्द झाल्याचं कळलं, तरी वेबसाइटवर नोंद खरंच गेली का, ते पाहून प्रिंट काढून ठेवा. गाडी विकताना घेणारा तिथूनच सुरुवात करतो.