दर किती वाढला, वापर किती वाढला?

1 एप्रिल 2024 पासून विजेचे नवे दर लागू झाले आणि मे महिन्यात नगरमधल्या सावेडीच्या आमच्या गल्लीत लाईट बिलाशिवाय दुसरा विषय उरला नाही. शेजारच्या काकू मार्चचं आणि मेचं बिल घेऊन आल्या. एक 782 रुपयांचं, दुसरं 1362 रुपयांचं. "एवढी दरवाढ असते का कुठं? मीटरच पळतंय. आता तपासून दिल्याशिवाय बिल भरायचं नाही," असं त्यांच्या घरात ठरत आलं होतं.

मी आधी युनिट पाहिले. मार्चमध्ये 100, मेमध्ये 140. नगरचा उन्हाळा, कूलर दिवसरात्र चालू.

घरगुती ग्राहकाचा पहिल्या 100 युनिटांचा वीज आकार युनिटमागं 4.41 रुपयांवरून 4.71 झाला होता, 101 ते 300 युनिटांचा 9.64 वरून 10.29. वहन आकार 1.17 रुपये तसाच राहिला. सिंगल फेजचा स्थिर आकार 116 वरून 128 झाला, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो वरच्या दोन्ही बिलांच्या आकड्यांतही धरलेला नाही; तो बाजूला ठेवून काकूंचे 140 युनिट मी जुन्या दरानं मांडले: 1283 रुपये. म्हणजे 580 रुपयांच्या वाढीत दरवाढीचे फक्त 79. बाकीचे 501 रुपये वरच्या 40 युनिटांचे. शंभराव्या युनिटाला वहन आकार धरून 5.88 रुपये पडत होते आणि पुढच्याच युनिटाला 11.46, खरा फटका तिथं बसला. दरवाढ खोटी नाही, गरिबाच्या घरात 79 रुपयेही जड जातात. पण उपाय शोधायचा तर पैसे नेमके कुठं गेले ते कळायला हवं.

म्हणून नव्या दराचं बिल गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा, मागच्या महिन्याशी नको. दोन रीडिंगमधले दिवस मोजा. दर बदलला त्या महिन्याचं बिल तुलनेला घेऊ नका, त्यात बहुधा काही दिवस जुन्या दराचे असतात. घराला कुलूप असल्यानं सरासरी बिल आलं असेल तर पुढच्या खऱ्या रीडिंगला सगळा फरक एकदम येतो. थकबाकीची ओळ वेगळी काढा. उन्हाळ्याच्या सुमारास सुरक्षा ठेवीचंही वेगळं बिल हातात पडतं, ते या हिशेबात धरू नका.

यासाठी जुनी बिलं हाताशी लागतात. माझे वडील राहुरीचे. 2011 मध्ये मुळा-प्रवरा या वीज सहकारी सोसायटीकडचा वीजपुरवठा महावितरणकडे गेला, तेव्हाची बिलं त्यांनी दोऱ्यात ओवून ठेवली होती. ती सवय मला लागली. आता मीटरचा फोटोही दर महिन्याला काढून ठेवते.

एवढं करूनही युनिट पटत नसतील तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बिल मात्र थांबवू नका. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे, वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरता येते, आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. काकूंच्या घरी कुणालाच हे माहीत नव्हतं.