लहान उद्योग : उभारणी, वाढ आणि हस्तांतर

लहान उद्योगाचा विचार करताना आपले लक्ष बहुधा त्याच्या आरंभाकडे असते. भांडवल कोठून मिळेल, जागा कोण देईल, यंत्रसामग्री कोणती घ्यावी, हे प्रश्न जिल्हा उद्योग केंद्रात नित्य विचारले जातात. उद्योग सुरू झाल्यावर तो वाढतो कसा आणि ज्याने तो उभा केला त्याच्यानंतर तो कोणाच्या हाती जातो, या प्रश्नांची चर्चा मात्र फारशी होत नाही. वास्तविक आठ-दहा माणसांना काम देणारा कारखाना मालकाच्या वार्धक्यामुळे किंवा निधनामुळे बंद पडला, तर गावाचे होणारे नुकसान नवा कारखाना न निघाल्यामुळे होणाऱ्या नुकसानीपेक्षा कमी नसते. म्हणून उभारणी, वाढ आणि हस्तांतर या तिन्ही अवस्थांचा एकत्र अभ्यास करणे अगत्याचे आहे. त्यासाठी आपल्याच भूमीतील काही परिचित उदाहरणे पाहू.

उभारणी : माहितीची वस्तू, ओळखीची गरज

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांनी आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी १८८८ साली बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले. सायकली विकता विकता आणि दुरुस्त करता करता यंत्रविद्येची गोडी कारखान्याकडे वळली. कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने होत. नांगर १९०३ साली तयार झाला. परंतु लोखंडाने जमीन नासते असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावच्या नगरपालिकेला जागा हवी झाल्याने कारखाना हलवण्याची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

दुसरे उदाहरण मुंबईतील गिरगावचे. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या वडील बंधूंच्या साह्याने १९३१ साली ‘दांडेकर आणि कंपनी’ स्थापन केली आणि ‘हॉर्स’ छापाची शाईची पूड व वड्या करण्यास प्रारंभ केला. दिगंबररावांचे शिक्षण रसायनशास्त्राचे होते. परदेशी शाईला स्वदेशी पर्याय हवा, ही त्या काळातील शाळांची आणि कचेऱ्यांची गरज होती. या शाईतूनच पुढे ‘कॅमल’ हे नाव आणि ‘कॅमलिन’ ही कंपनी उदयास आली.

तिसरे उदाहरणही गिरगावचेच आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातूनच ‘लिज्जत पापड’ हा उद्योग उभा राहिला.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. कोणाजवळही मोठे भांडवल नव्हते. परंतु जी वस्तू करावयाची तिचे ज्ञान हाती होते आणि ती कोणाला हवी आहे हे ठाऊक होते. कर्ज आणि जागा यांचा उपयोग या दोन गोष्टी असल्या म्हणजेच होतो. अर्जाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रकल्प अहवालातील आकड्यांइतकेच या दोन गोष्टींकडे लक्ष दिले, तर पुष्कळशी कर्जे बुडण्यापासून वाचतील.

वाढ : घर आणि कारखाना वेगळे होणे

आरंभी मालक हाच कारागीर, हिशेबनीस आणि विक्रेता असतो. त्याच्या खिशातला पैसा आणि गल्ल्यातला पैसा एकच असतो. दहा-बारा माणसे कामाला लागेपर्यंत हे चालून जाते. त्यानंतर मात्र मालकाला दोन गोष्टी सोडाव्या लागतात. घरखर्च आणि कारखान्याचा खर्च एका वहीत लिहिण्याची सवय ही पहिली, आणि प्रत्येक निर्णय स्वतःच घेण्याची सवय ही दुसरी. अनेक उद्योग या टप्प्यावर अडतात. मागणी असते, कारागीर असतात. पण सारा कारभार एका माणसाच्या स्मरणावर चालत असल्याने तो माणूस थकला की काम मंदावते.

ज्यांनी हा टप्पा ओलांडला त्यांनी उद्योगाला स्वतंत्र रूप दिले असे दिसते. किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या नावाने कंपनी म्हणून नोंदला गेला. दांडेकरांचा व्यवसाय १९४६ साली खाजगी मर्यादित कंपनी झाला आणि १९८८ मध्ये त्याचे भाग सर्वसामान्यांसाठी खुले झाले. लिज्जतने वेगळी वाट निवडली. १९६६ साली तिची नोंदणी संस्था नोंदणी कायद्याखाली झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली.

वाढीचे दुसरे अंग म्हणजे काळ पाहून वस्तू बदलणे. नांगरानंतर पंप, पंपानंतर तेलावर चालणारी इंजिने आणि विजेच्या मोटारी, असा किर्लोस्करांचा विस्तार झाला. कॅमलिनने शाईवर न थांबता चित्रकलेचे रंग आणि शालोपयोगी साहित्य यांत प्रवेश केला. बॉलपेनचा प्रसार होऊन दौतीची शाई मागे पडली, तेव्हा हेच साहित्य कंपनीचा आधार ठरले. कराडजवळच्या ओगलेवाडीचा अनुभव याच्या उलट आहे. ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ साली सुरू झाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. पुढे खेडोपाडी वीज आली आणि कंदिलाचा काळ सरला. कारखाना बंद पडला. वस्तीचे नाव तेवढे राहिले आहे.

हस्तांतर : चार वाटा

उद्योग संस्थापकाच्या हातून जाण्याच्या साधारणतः चार वाटा असतात. तो पुढच्या पिढीकडे जातो, तेथेच काम करणाऱ्यांकडे जातो, बाहेरच्या खरेदीदाराकडे जातो किंवा बंद होतो. पहिल्या तीन वाटांना पूर्वतयारी लागते. चौथी मात्र तयारी न केल्याने आपोआप समोर येते.

पुढच्या पिढीकडे उद्योग सोपवण्याचे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणरावांनी आपले चिरंजीव शंतनुराव यांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत शिक्षणास पाठवले. १९२६ साली परतल्यावर ते कारखान्याच्या कामात शिरले. लक्ष्मणरावांचे निधन १९५६ साली झाले. म्हणजे वडिलांच्या देखरेखीखाली काम समजून घेण्यास आणि जबाबदारी पेलण्यास मुलाला तीस वर्षांचा अवधी मिळाला. मुलाला वारसा मिळणे वेगळे आणि त्याला त्यासाठी तयार करणे वेगळे, हे यावरून ध्यानात यावे.

काम करणाऱ्यांकडेच मालकी ठेवण्याचे उदाहरण लिज्जतचे. तेथे पापड लाटणारी प्रत्येक भगिनी ही सहमालक मानली जाते. जुन्या भगिनी निवृत्त होतात, नव्या येतात आणि उद्योग चालू राहतो. एका संस्थापकाच्या जाण्याने मालकीचा प्रश्न उभा राहू नये अशी मांडणीच तेथे मुळात केलेली आहे.

बाहेरच्या खरेदीदाराकडे जाण्याचे उदाहरण कॅमलिनचे. २०११ साली जपानमधील ‘कोकुयो’ या लेखनसाहित्याच्या कंपनीने कॅमलिनचे निम्म्याहून अधिक भाग घेण्याचा करार केला आणि कंपनीचे नाव पुढे ‘कोकुयो कॅमलिन’ झाले. कोकुयोचा स्वतःचा आरंभही लहानच होता. १९०५ साली ओसाका येथे हिशेबाच्या वह्यांची पुठ्ठ्याची आवरणे करण्यापासून तो झाला होता. मराठी माणसाने उभा केलेला उद्योग परक्या हाती गेला म्हणून पुष्कळांना हळहळ वाटली आणि ती स्वाभाविक होती. तथापि ‘कॅमल’ हे नाव आणि त्या नावाची उत्पादने बाजारात राहिली, तसेच दांडेकर कुटुंबातील व्यक्ती हस्तांतरानंतरही कारभारात होत्या. मालकी बदलणे आणि उद्योग संपणे या दोन भिन्न घटना आहेत. ज्याचे हिशेब स्वच्छ आहेत आणि ज्याच्या नावाला किंमत आहे, अशाच उद्योगाला खरेदीदार मिळतो.

कायद्याने पडणारा फरक

मालकी कोणत्या स्वरूपाची आहे यावर हस्तांतराची सुलभता अवलंबून असते. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय सुरू करण्यास सोपा असतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने मालक आणि व्यवसाय एकच असल्याने मालकाच्या निधनानंतर बँकेतील खाते, परवाने, वीजजोडणी, येणी व देणी या साऱ्यांसाठी वारसांना स्वतंत्रपणे धावपळ करावी लागते. भागीदारी अधिनियम, १९३२ अन्वये भागीदारांनी करारात वेगळे ठरवले नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. करारातील एका कलमाने हे टळू शकते. मर्यादित दायित्व भागीदारीला २००८ च्या कायद्याने स्वतंत्र अस्तित्व मिळाले. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये खाजगी कंपनी किमान दोन सभासदांची असते आणि सभासद बदलले तरी कंपनी तीच राहते. याच अधिनियमाने एका व्यक्तीच्या कंपनीची सोय केली असून तिच्या सभासदाला आपल्या पश्चात कोण, याचे नाव आरंभीच नोंदवावे लागते.

हा फरक कळण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी मळणी यंत्रे बनवणारा एक कारखानदार आहे. त्याच्याकडे आठ कामगार आहेत. जागा वडिलांच्या नावावर, वीजमीटर भावाच्या नावावर, कर्ज स्वतःच्या नावावर आणि ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक फक्त त्याच्या डोक्यात, अशी स्थिती आहे. हंगामाच्या तोंडावर तो अकस्मात वारला. बँकेने खाते थांबवले, लोखंड पुरवणाऱ्याने उधारी बंद केली, आगाऊ रक्कम दिलेले शेतकरी दारात उभे राहिले. मुलगा शहरात नोकरीला आहे. कारखान्यातील जुना फिटर सर्व कामे जाणतो आणि कारखाना चालवण्यास राजीही आहे. पण त्याच्याकडे कागद नाही आणि त्याला कर्ज देणारा कोणी नाही. अशा वेळी यंत्रे भंगाराच्या भावाने जातात. मागणी होती, कसब होते, नफाही होता. नव्हती ती केवळ पूर्वतयारी. हीच तयारी पाच वर्षे आधी झाली असती, तर त्या फिटरला भागीदार करून घेता आले असते. मुलाला हिस्सा मिळाला असता आणि आठ कुटुंबांची रोजी टिकली असती.

पूर्वतयारीत काय असावे

१. घर आणि कारखाना यांचे हिशेब वेगळे ठेवावेत व दरवर्षी ताळेबंद करावा.

२. जागा, वीज, परवाने आणि उद्यम नोंदणी ज्याच्या नावे असावयास हवी त्याच्याच नावे आहेत ना, हे तपासावे. औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो आणि त्याच्या हस्तांतरास महामंडळाची परवानगी लागते, हे विसरू नये.

३. मालाच्या नावाची व बोधचिन्हाची नोंदणी करावी. व्यापारचिन्हाची नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते.

४. ग्राहक, पुरवठादार आणि कामाच्या पद्धती यांची लेखी नोंद ठेवावी.

५. उत्तराधिकारी कोण, हे मालक धडधाकट असतानाच ठरवावे आणि त्याला काही वर्षे सोबत घ्यावे. घरातील कोणाची इच्छा नसेल, तर ते मोकळेपणाने मान्य करून दुसरी वाट शोधावी.

६. विक्री करावयाची झाल्यास कामगारांचा विचार करारातच व्हावा. हस्तांतरात कामगारांची सेवा अखंड राहावी किंवा त्यांना भरपाई मिळावी, हे तत्त्व आपल्या कामगार कायद्याने फार पूर्वीच मान्य केले आहे.

आपला वाटा

या कामी शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. नव्या उद्योगाला कर्ज मिळवून देण्याइतकेच महत्त्व चालू उद्योग घेऊ इच्छिणाऱ्या जाणत्या कारागिराला मार्गदर्शन करण्यास दिले पाहिजे. तयार ग्राहक, चालती यंत्रे आणि अनुभवी माणूस यांवर दिलेले कर्ज कोऱ्या जागेवर दिलेल्या कर्जापेक्षा अधिक सुरक्षित असण्याचा संभव असतो. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील कारखान्यांची आणि कार्यशाळांची यादी करून कोणत्या ठिकाणी मालक वयस्क आहेत व पुढची सोय नाही, याची आपुलकीने चौकशी करावी. मिळकतीच्या वारस नोंदी वेळेवर झाल्या तरी निम्मी अडचण दूर होईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जवळच्या एखाद्या कारखान्याची हकिगत लिहून आणावयास सांगावी. तो कोणी काढला, काय बदलले, पुढे कोण चालवणार, हे प्रश्न मुलांनी विचारले म्हणजे मालकही त्यांचा विचार करू लागेल.

उद्योग काढणाऱ्याचे कौतुक आपण करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याने लावलेले काम त्याच्यानंतरही चालावे, त्यावर जगणाऱ्या कुटुंबांना दुसरीकडे वाट शोधावी लागू नये, यासाठी त्याला वेळीच सल्ला देणे हेही ग्रामविकासाचेच काम आहे. आपल्या तालुक्यातील अशा एका तरी उद्योगाची विचारपूस प्रत्येक वाचकाने या वर्षी करावी, एवढीच अपेक्षा.